फौजदारी खटल्यात किती खाती असतात आणि ती एकत्र कशी काम करतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरातल्या कुणाला अटक झाली, किंवा घरातल्या कुणावर गुन्हा घडला, की पहिल्या काही दिवसांतच त्या कुटुंबाला पाच-सहा सरकारी खात्यांचे उंबरे झिजवावे लागतात. पोलीस ठाणे, सरकारी दवाखाना, कोर्ट, सरकारी वकिलांचे कार्यालय, कारागृह, मध्येच तहसील. आणि बहुतेक ठिकाणी उत्तर ठरलेले असते: ‘आमच्याकडून कागद गेलाय, तिकडे विचारा.’

हे पान त्या ‘तिकडे’साठी आहे. सगळ्या कलमांची यादी इथे नाही. जिथे एका खात्याचे काम संपते आणि दुसऱ्याचे सुरू होते, तिथे मी मुद्दाम जास्त थांबलो आहे. खटले रखडतात, माणसे विनाकारण आत राहतात आणि पुरावे वाया जातात ते फार वेळा नेमके त्याच जागी.

ही सगळी खाती एकाच छताखाली का नाहीत? सगळा घोळ मिटला नसता का?

ती वेगळी आहेत ती विचारपूर्वक. ज्याने पकडले त्यानेच दोषी ठरवायचे आणि त्यानेच कोंडून ठेवायचे, असे होऊ नये म्हणून. राज्यघटनेचा अनुच्छेद ५० न्यायव्यवस्था कार्यपालिकेपासून वेगळी ठेवायला सांगतो. अनुच्छेद २२ प्रमाणे अटक केलेल्या माणसाला प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभे करावेच लागते. म्हणजे पोलिसांच्या कामावर दुसऱ्या कुणाची तरी नजर पहिल्याच दिवशी पडली पाहिजे.

त्यात पोलीस आणि तुरुंग हे राज्यांचे विषय, तर फौजदारी कायदा आणि त्याची कार्यपद्धती केंद्र आणि राज्य दोघांच्या सामाईक यादीत. महाराष्ट्रात पोलीस, कारागृह आणि न्यायसहायक (फॉरेन्सिक) प्रयोगशाळा गृह विभागाकडे आहेत. मॅजिस्ट्रेट कोर्टात उभे राहणारे सहायक सरकारी अभियोक्ता अभियोग संचालनालयाचे, म्हणजे तेही गृह विभागाचे. पण जिल्हा सरकारी वकिलांची नेमणूक विधी व न्याय विभाग करतो. शवविच्छेदन करणारा डॉक्टर आरोग्य खात्याचा किंवा वैद्यकीय महाविद्यालयाचा. जामीनदाराच्या ऐपतीचा दाखला महसूल खात्याचा. आरोपीला तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सोडले, तर ती देखरेख करणारा परिविक्षा अधिकारी महिला व बालविकासचा. आणि न्यायालये उच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली, ती कुठल्याच मंत्र्याच्या हाताखाली नाहीत.

हे वेगळेपण टिकलेच पाहिजे. मात्र ते टिकवताना कुणी कुणाला काय, किती दिवसांत कळवायचे याची व्यवस्था आपण फार उशिरा उभी करायला घेतली.

काम नेमके कुठे अडते?

एक साधे उदाहरण घेऊ. गावात मारामारी झाली, चाकू चालला, एकजण दगावला. तपास अधिकारी पंचांसमोर चाकू आणि रक्ताळलेले कपडे जप्त करतो, पंचनामा होतो, वस्तू सीलबंद होऊन ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत जातात. तिथून एक हवालदार त्या घेऊन प्रयोगशाळेत जातो. मृताचे रक्त आणि व्हिसेरा, म्हणजे शवविच्छेदनात काढलेले अवयवांचे नमुने, दवाखान्यातून वेगळे येतात. प्रयोगशाळा सील तपासते, सोबतचे पत्र वाचते. पत्रातले वर्णन आणि पाकिटातली वस्तू जुळली नाही, तर शंका काढून परत पाठवते.

या साखळीत मुद्देमाल किती दिवस ठाण्यात पडून होता, कोणाच्या ताब्यात होता, नेणाऱ्या हवालदाराने तो वाटेत कुठे ठेवला, हे सगळे पुढे उलटतपासणीत विचारले जाते. नोंदवहीत एक सही नसेल, तर बचावाचे वकील तेवढ्यावर उभे राहतात, आणि त्यांनी राहिलेच पाहिजे. चाकूवरचे रक्त खरोखर मृताचे असले तरी हा चाकू तोच, हे सिद्ध करता आले नाही तर त्या अहवालाचा उपयोग नाही.

मग दोषारोपपत्र दाखल होते, पण ‘सीए रिपोर्ट (प्रयोगशाळेचा रासायनिक तपासणी अहवाल) येणे बाकी’ असा शेरा मारून. खटला उभा राहतो तोवर तपास अधिकाऱ्याची बदली झालेली. डॉक्टर दुसऱ्या जिल्ह्यात. समन्स जुन्या पत्त्यावर जाते, ‘मिळून आला नाही’ असा शेरा घेऊन परत येते. तिकडे आरोपीला कारागृहातून कोर्टात आणायचे असते, पण त्यासाठी लागणारा बंदोबस्त कारागृहाचा नसतो. कैदी पार्टी पोलीस मुख्यालय देते. गणपती, निवडणूक, मंत्र्यांचा दौरा असला की ‘गार्ड उपलब्ध नाही’. पुढची तारीख.

यातल्या कुठल्याही एका माणसाने मुद्दाम काही वाईट केले असेलच असे नाही. प्रत्येकाची नोंदवही कदाचित नीट भरलेली असेल. नुकसान झाले ते दोन नोंदवह्यांच्या मधे.

१ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यांनी या बाबतीत काय बदलले?

भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम हे तीन कायदे त्या दिवशी लागू झाले. नवे गुन्हे आणि नव्या शिक्षांबद्दल वर्तमानपत्रांत बरेच छापून आले. मला महत्त्वाची वाटते ती नागरिक सुरक्षा संहिता, कारण खात्यांमधल्या देवाणघेवाणीला तिने मुदती घातल्या.

सात वर्षे किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचे आणि तिथल्या कार्यवाहीचे चित्रीकरण व्हायचे. त्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत आहे, आणि स्वतःकडे सोय होईपर्यंत दुसऱ्या राज्याची सोय वापरायची मुभाही आहे. झडती आणि जप्तीचे दृक्-श्राव्य चित्रण करून ते मॅजिस्ट्रेटकडे पाठवायचे. तपास कुठवर आला हे फिर्यादीला किंवा पीडिताला ९० दिवसांच्या आत कळवायचे. आरोपी हजर झाल्यापासून १४ दिवसांत त्याला दोषारोपपत्राच्या नकला द्यायच्या. सत्र खटल्यात युक्तिवाद संपल्यावर ३० दिवसांत निकाल, कारण नोंदवून फार तर ४५.

बदलून गेलेल्या अधिकाऱ्याचा किंवा डॉक्टरचा प्रश्नही या संहितेने हाताळला आहे. ज्याने कागद तयार केला तो बदली, निवृत्ती किंवा मृत्यूमुळे येऊ शकत नसेल, किंवा त्याला आणण्यात फार वेळ जाणार असेल, तर त्या पदावरचा आजचा अधिकारी त्या कागदाबाबत साक्ष देऊ शकतो. दुरून, व्हिडिओवरूनही. बचाव पक्षाला ही तरतूद खटकते, कारण ज्याने प्रत्यक्ष पाहिलेच नाही त्याची उलटतपासणी करायची कशी? हा आक्षेप रास्त आहे. न्यायालये तो कसा सोडवतात याकडे लक्ष ठेवायला हवे.

मुदत घातली म्हणजे काम झाले असे नव्हे. पण मुदत नसेल तर उशिराबद्दल जाबही विचारता येत नाही.

आयसीजेएस हे नाव ऐकले. तो काय प्रकार आहे?

पोलिसांची सीसीटीएनएस, न्यायालयांची ई-कोर्ट, कारागृहांची ई-प्रिझन, प्रयोगशाळांची ई-फॉरेन्सिक आणि सरकारी वकिलांची ई-प्रॉसिक्युशन अशा पाच संगणक प्रणाली एकमेकींशी जोडणारी ती व्यवस्था; पूर्ण नाव इंटरऑपरेबल क्रिमिनल जस्टिस सिस्टीम. कल्पना सोपी आहे: माहिती एकदाच भरायची, ती सगळ्यांना दिसली पाहिजे. ठाण्यात गुन्हा नोंदवताना आरोपीचे नाव, वय, पत्ता भरला की कोर्टाच्या कारकुनाला आणि कारागृहाच्या कार्यालयाला तो पुन्हा टंकित करावा लागू नये.

पोलीस ठाणी जोडण्याचा सीसीटीएनएस प्रकल्प २००९ मध्ये मंजूर झाला. आयसीजेएसच्या दुसऱ्या टप्प्याला केंद्राने फेब्रुवारी २०२२ मध्ये ३,३७५ कोटी रुपयांची मंजुरी दिली. ई-कोर्टच्या तिसऱ्या टप्प्याला सप्टेंबर २०२३ मध्ये ७,२१० कोटी मिळाले. ऑगस्ट २०२४ मध्ये ई-साक्ष्य, ई-समन्स, न्याय सेतू आणि न्याय श्रुती ही ॲपही सुरू झाली. ई-साक्ष्यवर केलेले चित्रीकरण नंतर बदलले गेले नाही हे तपासता यावे अशी त्याची रचना आहे.

या जोडणीचा खरा फायदा छोट्या गोष्टींत आहे. ‘रमेश’चे कुठे ‘रामेश’ झाले, वडिलांचे नाव चुकले, गुन्हा रजिस्टर क्रमांकाचा एक आकडा हुकला, एवढ्यावरून सुटकेचा आदेश कारागृहाच्या दारातून परत गेलेला आहे. एकच नोंद सगळीकडे असेल तर हे टळते. पण ठाण्यातच ती नोंद चुकली, तर आता ती चूकही सगळीकडे जाते. म्हणून फिर्याद नोंदवताना आणि अटकेच्या वेळी नाव-पत्त्याचे स्पेलिंग स्वतः वाचून बघा. सही करण्याआधी.

प्रयोगशाळेचा अहवाल यायला इतका वेळ का लागतो?

महाराष्ट्राच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळांचे मुख्यालय मुंबईत कलिना इथे आहे. नागपूर, पुणे, छत्रपती संभाजीनगर, नाशिक, अमरावती, कोल्हापूर आणि नांदेड इथे प्रादेशिक प्रयोगशाळा आहेत. दारूबंदीच्या नमुन्यापासून डीएनए आणि मोबाइलच्या तपासणीपर्यंत सगळे तिथेच येते. माणसे कमी आणि नमुने अफाट, हे एक कारण. सात वर्षांवरच्या गुन्ह्यांत घटनास्थळी जाण्याची जबाबदारी आल्यावर ताण आणखी वाढणार, हे उघड आहे.

दुसरे कारण माणसे वाढवून सुटणारे नाही. काय तपासायचे आहे तेच पुष्कळदा पोलिसांच्या पत्रात स्पष्ट नसते. ‘तपासून अहवाल द्यावा’ एवढेच लिहिलेले असते. घटनास्थळी प्रयोगशाळेचा माणूस असेल तर कोणत्या पाच वस्तू उचलायच्या आणि कोणत्या पंचवीस नाहीत, हे तिथल्या तिथे ठरते. त्यामुळे घटनास्थळावरच्या भेटीने प्रयोगशाळेवरचा भार कमीही होऊ शकतो. शिवाय कायद्याने ठराविक सरकारी तज्ज्ञांचा अहवाल तज्ज्ञाला न बोलावता पुराव्यात घेता येतो, आणि कुठल्याच पक्षाने हरकत घेतली नसेल तर तज्ज्ञाला कोर्टात बोलवायचे नाही असे नव्या संहितेत म्हटले आहे. एक वैज्ञानिक दिवसभर कोर्टाच्या व्हरांड्यात बसून राहण्यापेक्षा टेबलावर असलेला बरा.

मनुष्यबळाचे म्हणाल, तर गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठाचे एक संकुल गोव्यात फोंड्याला आहे. विज्ञान शाखेतल्या मराठी मुलांनी हा रस्ता जरूर पाहावा.

जामीन मंजूर झाला, पण माणूस अजून आतच आहे. असे का?

मला हा प्रश्न सगळ्यात जास्त छळतो, कारण न्यायाधीशाने ‘सोडा’ म्हटल्यावरही माणूस आत राहतो, आणि त्याची जबाबदारी कुणाचीच नसते.

आदेश आणि सुटका यांच्या मधे बऱ्याच पायऱ्या आहेत. आदेशाची प्रत मिळणे. जामीनदार उभा करणे. जामीनदाराचे आधार, रेशन कार्ड, सातबारा किंवा घरपट्टीची पावती, कधी तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला. त्याची पडताळणी. मग कोर्टातून सुटकेचा आदेश, आणि तो कारागृहात वेळेत पोचणे. मुंबईच्या आर्थर रोड कारागृहाबाहेर सुटकेचे आदेश टाकण्यासाठी चक्क एक पेटी होती. ती ठरलेल्या वेळी उघडायची. ती वेळ चुकली की मुक्काम आणखी एक रात्र.

२०२१ च्या जुलैमध्ये आग्र्याच्या कारागृहातल्या कैद्यांना सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम जामीन देऊनही त्यांची सुटका लांबली. न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली, आणि त्यातून ३१ मार्च २०२२ रोजी ‘फास्टर’ ही प्रणाली सुरू झाली. तिच्यातून आदेशाची प्रमाणित प्रत थेट, सुरक्षित मार्गाने कारागृहात पोचते.

पण आदेश मिळाला आणि पैसेच नसतील तर? ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने याचा रस्ता आखून दिला आहे, आणि तो प्रत्येक कच्च्या कैद्याच्या, म्हणजे खटल्याचा निकाल लागायच्या आधीच आत असलेल्या न्यायाधीन बंद्याच्या, घरी माहीत असायला हवा. जामीन देणाऱ्या कोर्टाने आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कारागृह अधीक्षकांमार्फत कैद्याला ईमेलने पाठवायची. अधीक्षकांनी जामिनाची तारीख ई-प्रिझनमध्ये नोंदवायची. सात दिवसांत सुटका झाली नाही, तर त्यांनी मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचे. सचिवांनी विधी स्वयंसेवक किंवा वकील पाठवून अडचण काय ते शोधायचे. महिनाभरात जामीनदार मिळालाच नाही, तर कोर्टाने स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करायचा. जामीनदार स्थानिकच हवा या हट्टामुळे सुटका रखडते, हेही न्यायालयाने नमूद केले आहे. ऊसतोडीला गेलेल्या किंवा परराज्यातून आलेल्या मजुराला तिथला जामीनदार कुठून मिळणार?

त्याच वर्षी केंद्राने गरीब कैद्यांसाठी मदत योजना आणली. सुरुवातीच्या नियमांत न्यायाधीन बंद्याच्या जामिनासाठी ४० हजार रुपयांपर्यंत, आणि शिक्षा भोगून झाली पण दंड भरता येत नाही अशा कैद्यासाठी २५ हजारांपर्यंत मदत होती. मंजुरी देणारी समिती जिल्ह्यातच असते. जिल्हाधिकारी, विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव, पोलीस अधीक्षक, कारागृह अधीक्षक आणि प्रधान जिल्हा न्यायाधीशांनी नेमलेले न्यायाधीश, असे पाचजण तिच्यावर असतात. पाच खाती एका टेबलाशी बसून एका माणसाच्या सुटकेचा निर्णय घेतात, याहून थेट समन्वय मला दुसरा माहीत नाही. कुणीतरी त्या माणसाचे नाव त्या टेबलापर्यंत न्यावे लागते, एवढेच. कारागृहातल्या विधी सेवा कक्षात अर्ज द्या.

खटला चालतच नाही आणि माणूस वर्षानुवर्षे आत आहे. त्याला काही मर्यादा आहे का?

आहे. २०२२ च्या अखेरीच्या आकडेवारीप्रमाणे देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती आणि त्यातली ४,३४,३०२ न्यायाधीन बंदी होती, म्हणजे चारातले तीन. तुरुंगांत क्षमतेच्या १३१ टक्के गर्दी होती.

पहिली मर्यादा तपासाची. ठरलेल्या ६० किंवा, गंभीर गुन्ह्यात, ९० दिवसांत दोषारोपपत्र आले नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. पण तो मागावा लागतो. मुदत संपली आणि अर्ज केला नाही, तेवढ्यात दोषारोपपत्र दाखल झाले, तर हक्क गेला.

दुसरी मर्यादा नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ ची. त्या गुन्ह्याच्या जास्तीत जास्त शिक्षेच्या निम्मा काळ आत काढला असेल, तर जामीन. पूर्वी कधीच शिक्षा झालेली नसेल, तर एक तृतीयांश काळ पुरतो. मृत्युदंड किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे लागू नाही, आणि एकाहून जास्त खटले प्रलंबित असतील तरी नाही. ही दुसरी अट मला फार कठोर वाटते. गरीब, फिरस्त्या माणसावर लहान-लहान चोऱ्यांचे चार गुन्हे असणे ही काही दुर्मीळ गोष्ट नाही, आणि खरी गरज त्यालाच असते.

कलमातली सगळ्यात चांगली गोष्ट अशी, की हा काळ पूर्ण होताच कोर्टाकडे लेखी अर्ज करण्याची जबाबदारी कारागृह अधीक्षकांवर टाकली आहे. कैद्याने आठवण करून द्यावी लागत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की १ जुलै २०२४ च्या आधीच्या गुन्ह्यांतल्या बंद्यांनाही याचा लाभ मिळेल.

यावर लक्ष ठेवायला प्रत्येक जिल्ह्यात न्यायाधीन बंदी पुनर्विलोकन समिती आहे. प्रधान जिल्हा न्यायाधीश अध्यक्ष. जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव, कारागृह अधीक्षक सदस्य. कारागृह यादी देते, समिती नावे काढते, वकील अर्ज करतात. यादीत नाव यायला खटल्यातली कलमे आणि अटकेची तारीख अचूक हवी. दोषारोपपत्रात कलम बदलले आणि कारागृहाच्या नोंदीत जुनेच राहिले, तर तो माणूस पात्र असूनही यादीत दिसणार नाही. घरच्यांनी ही एक गोष्ट तपासून घ्यावीच.

सरकारी वकील पोलिसांच्या बाजूचाच असतो ना?

नाही. तो राज्याच्या वतीने उभा असतो, आणि आरोपीवर अन्याय होऊ न देणे हेही त्याचे कर्तव्य आहे. पूर्वी महाराष्ट्रात मॅजिस्ट्रेट कोर्टातले अभियोक्ते पोलीस खात्याच्या नियंत्रणाखाली होते. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात त्यांना पोलिसांपासून तोडून स्वतंत्र अभियोग यंत्रणा उभी करायला सांगितले.

पण तोडले म्हणजे बोलणेच बंद, असा अर्थ नव्हता. तपास चालू असताना पोलीस अधिकारी कायद्याच्या बाजूचा सल्ला घेऊ शकतो. मात्र वकिलाचे मत घेतल्याशिवाय दोषारोपपत्र दाखल करू नये, अशी सक्ती पोलिसांवर करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये सांगितले आहे. सल्ला घ्या, निर्णय तुमचा. ही रेघ बारीक आहे, पण ती जपली तरच दोन्ही खात्यांना आपापल्या चुकीबद्दल जबाबदार धरता येते.

आरोपी निर्दोष सुटला. तो का सुटला, हे कुणी बघते का?

बघायला हवे, असा आदेश आहे. अहमदाबादमध्ये सहा वर्षांच्या मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला. तपासात इतक्या त्रुटी राहिल्या की आरोपी सुटला. ७ जानेवारी २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका कायम ठेवली. पुरावाच अपुरा होता. पण त्याच निकालात प्रत्येक राज्याला बजावले, की वरिष्ठ पोलीस आणि अभियोग अधिकाऱ्यांची समिती नेमा, निर्दोष सुटकेच्या प्रत्येक आदेशाची कारणे शोधा, दोषी अधिकाऱ्याची जबाबदारी ठरवा आणि त्या चुका नव्या अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात आणा.

या निकालाचे मोल मला फार वाटते, कारण तो दोन्ही बाजूंचे दुःख ओळखतो. आरोपी खरा गुन्हेगार असेल तर त्या मुलीला न्याय मिळाला नाही. नसेल, तर एका निरपराध माणसाची वर्षे गेली. दोन्ही शक्यतांचे मूळ एकच: निष्काळजी तपास आणि तो वेळीच न पकडणारी व्यवस्था. अशा समितीच्या बैठकांतून निघणारे निष्कर्ष नावे वगळून लोकांसमोर ठेवले पाहिजेत, असे माझे ठाम मत आहे.

गुन्हा माझ्यावर घडला आहे. मला या सगळ्यात काय मिळते?

सुरुवात कुठूनही करता येते. नाशिकच्या बाईची पर्स गोव्यात कुणी हिसकावली आणि ती घरी पोचल्यावर तक्रार द्यायला गेली, तरी नाशिकच्या ठाण्याने ‘आमची हद्द नाही’ म्हणून परत पाठवता येत नाही. शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून तो गोव्याला वर्ग करायचा. फिर्यादीची प्रत मोफत मिळते. नोंदवायला नकार दिला तर पोलीस अधीक्षकांकडे आणि तिथेही दाद लागली नाही तर मॅजिस्ट्रेटकडे जाता येते.

बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ल्यातल्या पीडितांसाठी महाराष्ट्रात २०१३ पासून मनोधैर्य योजना आहे. आता ती जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत चालते, दहा लाखांपर्यंत मदत मिळू शकते. पीडित मूल असेल, तर पोक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांनी २४ तासांत बालकल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचे असते. समिती त्या मुलासाठी सहायक व्यक्ती देऊ शकते, जी दवाखान्यापासून साक्षीपर्यंत त्याच्याबरोबर राहते. ती मागून घ्या. एकच प्रसंग मुलाला पोलिसांपुढे, डॉक्टरांपुढे, समितीपुढे आणि कोर्टात पुन्हा पुन्हा सांगावा लागणे, हा खात्यांच्या विस्कळीतपणाचा सगळ्यात क्रूर परिणाम आहे.

साक्षीदाराला धमक्या येत आहेत. कुणाकडे जायचे?

साक्षीदार संरक्षण योजनेला सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये मान्यता दिली. महाराष्ट्राने त्याआधी, २०१७ मध्येच, स्वतःचा कायदा केला होता. केंद्राच्या योजनेत जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे अर्ज जातो. जिल्ह्याचे पोलीस प्रमुख सदस्य आणि अभियोगाचे प्रमुख सदस्य-सचिव असतात. धोक्याचा अहवाल पोलीस उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी तयार करतो. अर्जात धमकीची तारीख, वेळ, फोन नंबर लिहा. नुसते ‘भीती वाटते’ लिहून भागत नाही.

खाती इतकी जवळ आली तर ती एकमेकांना सांभाळून घेणार नाहीत का?

ही भीती खरी आहे. समितीत न्यायाधीश आणि पोलीस अधीक्षक शेजारी बसतात, म्हणून तिथे एखाद्या खटल्याच्या गुणदोषांची चर्चा होता कामा नये. चर्चा व्हावी ती समन्स किती बजावली गेली, किती अहवाल बाकी आहेत, किती बंद्यांना जामीन होऊन सुटका नाही, याची. माहिती वाटून घ्यावी, मत बनवून घेऊ नये.

दुसरी काळजी संगणकातल्या नोंदीची. निर्दोष सुटलेल्या माणसाचे नाव पोलिसांच्या पडद्यावर आरोपी म्हणून तसेच राहिले, तर नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत तो पुन्हा अडकतो. विमुक्त समाजांवर तर जन्माने गुन्हेगार हा शिक्का इंग्रजांच्या काळात कायद्यानेच मारला होता. त्या शिक्क्याला संगणकाची मदत होता कामा नये. कोर्टाचा अंतिम निकाल पोलिसांच्या नोंदीत उतरला की नाही, हे विचारण्याचा हक्क प्रत्येकाला वाटला पाहिजे. निकालाची प्रमाणित प्रत जोडून ठाण्याला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

वकील करायची ऐपत नाही.

कोठडीतल्या प्रत्येकाला, प्रत्येक स्त्रीला, बालकाला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयात लोक अभिरक्षक कार्यालय विचारा. तिथले वकील पूर्णवेळ फक्त बचावाचेच काम करतात. राष्ट्रीय हेल्पलाइन १५१००.

माझे प्रकरण सध्या कोणत्या खात्यात अडकले आहे, हे कसे शोधू?

तीन क्रमांक एका कागदावर लिहून ठेवा: पोलीस ठाण्याचा गुन्हा रजिस्टर क्रमांक, कोर्टाचा १६ अक्षर-अंकी सीएनआर क्रमांक, आणि माणूस आत असेल तर कारागृहातला बंदी क्रमांक. सीएनआर क्रमांक ई-कोर्टच्या ॲपमध्ये टाकला की पुढची तारीख, मागच्या तारखेला काय झाले आणि आदेश दिसतात.

मागच्या तारखेची नोंद नीट वाचा. ‘आरोपीस हजर केले नाही’ असे असेल, तर अडचण बंदोबस्ताची आहे. वकिलांना सांगून व्हिडिओवरून हजेरीची मागणी करा. ‘साक्षीदार गैरहजर, समन्स परत’ असेल, तर ठाण्यातल्या कोर्ट पैरवी अंमलदाराला, म्हणजे कोर्टाची कामे बघणाऱ्या पोलिसाला, भेटा, साक्षीदाराचा नवा पत्ता लेखी द्या. ‘सीए रिपोर्ट प्रलंबित’ असेल, तर तपास अधिकाऱ्याकडून प्रयोगशाळेला पत्र गेल्याची जावक तारीख घ्या आणि ती सरकारी वकिलांना दाखवा. ते कोर्टामार्फत स्मरणपत्र पाठवायला सांगू शकतात. जामीन होऊन सात दिवस उलटले असतील, तर थेट जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा. बहुतेक जिल्ह्यांत ते न्यायालयाच्या आवारातच असते. जाताना जामिनाच्या आदेशाची प्रत न्या, आणि दिलेल्या अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय परत येऊ नका.